जुन्या स्पोर्ट्स कारवर वाइडबँड गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी दोन आसनी, चार सिलिंडरची गाडी १९८० च्या दशकातली असून तिची इंधनयंत्रणा एल-जेट्रॉनिक पद्धतीची आहे; आत येणारी हवा एका हलत्या झडपेवरून मोजली जाते आणि त्यानुसार इंजेक्टर पेट्रोल सोडतात. गरम झाल्यावर इंजिन आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू असताना, थरथरत असे, आरपीएम ६०० ते १००० यांमध्ये वरखाली होई, सायलेन्सरमागे उभे राहिले की डोळे चुरचुरत आणि प्लगवर कोरडी काळी काजळी धरे. एअरफ्लो मीटरचे झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचा ताण बदलण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण मोजमाप हाती नसताना मोजणाऱ्या भागालाच हात लावणे मला पटले नाही. त्याऐवजी बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेला वाइडबँड गेज, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा मापक, बसवला.

गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर किंवा खाली जाऊन मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी) एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड नेमका आकडा देतो. मी तो पहिल्याच दिवशी लॅम्डामध्ये लावून ठेवला; लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा, त्याखाली रिच आणि वर लीन. हवा-पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचे आहे आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ते लागू पडत नाही, मात्र लॅम्डा १ चा अर्थ इंधन कोणतेही असले तरी तोच राहतो.

पहिला खरा उपयोग लवकरच झाला. इंजिन पूर्ण तापल्यावरही लॅम्डा ०.८२ च्या वर येईना. इंधनदाब नियंत्रकाची व्हॅक्यूम नळी काढून पाहिली तर ती कोरडी होती, म्हणजे आतला पडदा फाटलेला नव्हता. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बरोबर मध्यावर असल्यामुळे तापमानाचा संशय मला आलाच नव्हता. पण त्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि इसीयूला, म्हणजे इंधन ठरवणाऱ्या संगणकाला, माहिती देणारा वेगळा. हा दुसरा सेन्सर ८० अंशांना साधारण ३०० ओहम दाखवायला हवा, तिथे माझ्या मल्टिमीटरवर ११०० च्या पुढचा आकडा आला. इसीयूच्या समजुतीप्रमाणे इंजिन जेमतेम चाळीस अंशांवर होते आणि थंड इंजिनासाठीचे जादा पेट्रोल तो सोडतच होता. सेन्सर बदलताच रस्त्यावर लॅम्डा १ च्या आसपास स्थिरावला.

आयडलची थरथर मात्र गेली नाही, आणि इथे गेजने मला जवळजवळ महिनाभर चकवले. आकडा होता १.००, अधूनमधून १.०८ पर्यंत उसळणारा, आणि प्लग तरीही काळे. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, तो धुरात उरलेला ऑक्सिजन पाहतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. तिचा अर्थ तेव्हा उमगला. एखादे सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यातले पेट्रोल पेटतच नसेल, तर त्यातली न वापरलेली हवा जशीच्या तशी बाहेर पडते. गाडीच्या सेन्सरला ते मिश्रण लीन वाटते, इसीयू चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवून देतो आणि सरासरी १ वर आणून ठेवतो. गाडीचा मूळ सेन्सर सोडवून ठेवताच गेज १.१० वर गेला आणि संशय पक्का झाला. मग आयडलवर एकेका इंजेक्टरची पिन काढत गेलो. तीन वेळा आरपीएम खाली पडला, तिसऱ्या सिलिंडरला काहीच फरक पडला नाही. त्याचा प्लग पेट्रोलने ओला होता आणि प्लग वायर आतून तुटलेली निघाली. वायरींचा संच बदलल्यावर आयडल ८५० वर शांत झाले.

उणिवाही सांगतो. सेन्सर तापायला वीस-तीस सेकंद लागतात, त्यामुळे थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले क्षण दिसतच नाहीत. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो. सर्वांत मोठी अडचण बसवण्याची आहे: सायलेन्सरच्या पाइपाला बंग (सेन्सर बसवायची आटे असलेली कडी) वेल्ड करावा लागतो, आणि सेन्सरचे तोंड खाली राहील अशा तिरक्या कोनात, म्हणजे साचलेले पाणी त्यावर येत नाही. माझ्या पहिल्या वेल्डमध्ये सुईएवढे छिद्र राहिले होते. आयडलवर धुराच्या स्पंदनांमधून तिथून बाहेरची हवा आत ओढली जाई आणि आकडा १.१५ दाखवी, आरपीएम वाढवताच तो नाहीसा होई. त्यापायी मी पंधरा दिवस इनटेकमध्ये नसलेली गळती शोधत बसलो.

दुरुस्ती संपल्यावर गेज काढून टाकावा असे वाटले होते. पण वीज न देता हा सेन्सर पाइपात नुसता ठेवता येत नाही, त्याच्यावर काजळी बसून तो निकामी होतो. काढायचा तर सेन्सरसकट काढून बंगला बूच लावावे लागेल. अजून तरी मी ते लावलेले नाही.