हॅकिंग की कपिंग?

रावेरच्या आमच्या भाचेसुनेने मालिशचा कोर्स धरलाय. घरी केळीचे घड वाहून खांदे आखडलेला नवरा आणि हाडकुळ्या सासूबाई. तिचा प्रश्न: "मामा, आधी हॅकिंग पक्कं करू की कपिंग?" दोन्ही स्वीडिश मालिशमधले ठोक्यांचे प्रकार.

हॅकिंग म्हणजे करंगळीच्या बाजूने, हात आळीपाळीने, भराभर ठोके. बोटं सैल हवीत. ती एकमेकांवर आपटून फटफट आवाज आला की मनगट मोकळं आहे समजायचं. ताठ झाली की ती मालिश नाही, लाकूडतोड. हात बसायला वेळ लागतो, आणि आधी करणाऱ्याचंच मनगट भरून येतं. मांड्या, खांदे अशा मांसल जागीच शोभतं.

कपिंग त्या मानाने सोपं. तळवा खोलगट ठेवायचा, आत हवा अडकते, पोकळ 'ठप्' ऐकू येतं. 'चट्' वाजलं तर तळवा सपाट पडलाय. बरगड्यांवर हलकं चालतं. फिजिओथेरपीत छातीतला कफ सुटायलाही असेच ठोके देतात. भुसावळच्या मे महिन्यात घामेजल्या पाठीवर मात्र पातळ पंचा टाक.

खर्च दोन्हीत शून्य. मनाईही सारखीच: मणका, मूत्रपिंडाची जागा, गुडघ्यामागची खळगी, फुगलेल्या शिरा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नवऱ्याच्या खांद्यांना, तेही सकाळी कामाआधी, हॅकिंग; ठोक्यांनी तरतरी येते, म्हणून झोपताना नको. सासूबाईंना हलक्या हाताचं कपिंग. सुरुवात त्यानेच कर.