काटोल रोडच्या पागेत २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर: वापरानंतरचा अनुभव

पागेच्या कामाला गाडी कोणती घ्यावी असं विचारलं की आपल्याकडे बहुतेक जण डोळे झाकून पिकअप सांगतात. मी २४ एचपीचा फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा, छोटा ट्रॅक्टर घेतला. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही त्याने आमच्याकडे काढलेत, म्हणून आता सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय. महिंद्रा, कुबोटा, स्वराज, कॅप्टन अशा बऱ्याच जणांकडे याच्या आसपासची मॉडेल आहेत, आणि खालचं बहुतेक सगळं त्यांतल्या कुठल्याही ट्रॅक्टरला लागू पडेल.

आमची पागा नागपूरच्या काटोल रोडवर, फेटरीच्या पुढे. आठ घोडे, बहुतेक काठेवाडी आणि मारवाडी. जमीन काळी. रोजचं सगळ्यात मोठं काम म्हणजे लीद. मध्यम अंगाचा घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास घाण करतो, त्यात ओली तणस मिसळली की आठ घोड्यांचे दोन-अडीच क्विंटल होतात. हे रोजच्या रोज पागेपासून लांब गेलंच पाहिजे. लघवीने भिजून कुजणाऱ्या तणशीत चावऱ्या माश्या अंडी घालतात आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडायला लागते. या माश्या घोड्यांना दिवसभर पाय आपटायला लावतात, खूर आणि सांधे दुखावतात. म्हणजे गाडी अशी हवी जी भर पावसातही लीद उकिरड्यापर्यंत नेईल. पिकअप इथेच बाद झाला. काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागच्या जागी फिरत बसते.

टाटा एससारखी छोटी गाडीही पाहिली होती. डांबरी रस्त्यावर ती उत्तम, पण वावरात तिचा उपयोग आठ महिनेच. बैलबंडी मात्र मी मनापासून विचारात घेतली होती. आवाज नाही, धूर नाही, घोडे लवकर सरावतात. पण बैलजोडी ठेवायची म्हणजे आणखी दोन जनावरांचा सांभाळ आणि एक माणूस, आणि घोडे फिरवायच्या रिंगणाचं काम तिच्याने मनासारखं होत नाही.

रिंगणाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. आमच्या रिंगणात काळ्या मातीवर मुरूम दाबलेला आहे आणि वर साधारण तीन इंच रेती. घोडा कडेकडेने गोल फिरतो, तिथली रेती बाहेर फेकली जाते आणि घसरट चर पडतो. तो दर एक-दोन दिवसांनी रेती सपाट करणारा पाटा ओढून भरावा लागतो. पाटा रेतीतच फिरला पाहिजे. मुरमात घुसला तर खडे वर येतात आणि खुराच्या तळव्याला जखम होते. आता ट्रॅक्टरच्या मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टला दोन प्रकारचे कंट्रोल असतात. ड्राफ्ट कंट्रोल नांगरटीसाठी: जमीन कडक लागली की अवजार आपोआप उचललं जातं, मऊ लागली की खाली जातं. रिंगणात हेच घातक. आपल्याला हवा पोझिशन कंट्रोल, म्हणजे लिव्हर जिथे ठेवला त्या उंचीवर अवजार थांबलं पाहिजे. डेमोच्या वेळी लिव्हर अर्ध्यावर ठेवून अवजार पाच-दहा मिनिटं तसंच सोडा. हळूहळू खाली बसत असेल तर तो ट्रॅक्टर पागेसाठी घेऊ नका. आमचा या परीक्षेत उतरला, आणि आज रिंगणाची रेती जितकी सपाट असते तितकी पूर्वी कधीच नव्हती. घोड्यांच्या चालीत तो फरक कळतो.

कमी रुंदी हा ट्रॅक्टरचा दुसरा मोठा फायदा. खोल्यांमधल्या दहा फुटी गल्लीतून तो आरामात जातो आणि बाजूला माणसाला उभं राहायला जागा उरते. हे ट्रॅक्टर मुळात बागेच्या ओळींतून फिरायला केलेले. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागा असल्याने या ट्रॅक्टरांची जाण असलेला मिस्त्री आणि सुटे भाग आमच्या बाजूला मिळतात. बागेसाठी केल्यामुळे एक गोष्ट मात्र नीट बघावी लागते. काही मॉडेलचा सायलेन्सर फांद्यांना अडकू नये म्हणून खाली आडवा काढलेला असतो. बागेत ठीक, पण तणशीच्या गंजीजवळ तापलेला सायलेन्सर म्हणजे आगीला आमंत्रण. आमचा उभा आहे, तरीही गंजीजवळ तो चालू ठेवायचा नाही आणि गल्लीत उभा केला की इंजिन बंद, हा नियम आहे. डिझेलचा धूर कोंडला की घोडे खोकायला लागतात.

घोडे ट्रॅक्टरला सरावतात का, हा प्रश्न सगळे विचारतात. इंजिनाच्या एकसुरी आवाजाला आमचे लवकर सरावले. बिथरायचे ते रिकाम्या ट्रॉलीला. आमची एक काठेवाडी घोडी ट्रॉली खड्ड्यातून गेली की मागे सरकून भिंतीला चिकटायची, कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, पोटावरची कातडी थरथरत असलेली. घोडे सांभाळणाऱ्या सईसकाकांनी दोन-तीनदा नुसतं उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, ते इंजिन नाही, साखळी आहे." मागच्या फळीची साखळी लोखंडावर आपटत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये साखळी ओवली आणि फळीखाली रबराची पट्टी लावली. आता ती घोडी ट्रॉली बाजूने जाताना कडबा चघळत उभी असते. अजून एक: घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून ट्रॅक्टर मागून आणायचाच नाही. नेहमी बाजूने, त्याला दिसेल असा, आणि वेग एकच.

उन्हाळ्यात काम वाढतं. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पंचेचाळीसच्या आसपासचं ऊन तर आपल्याला नेहमीचं. घोड्यांचं पिणं वाढतं, रिंगणात धूळ बसवायला पाणी मारावं लागतं, त्यामुळे ट्रॉलीवर टाकी चढवून फेऱ्या चालू असतात. याच काळात ट्रॅक्टर तापायला लागला. कारण सापडलं रेडिएटरच्या जाळीत: कुटाराची (भुशाची) आणि तणशीची बारीक भुकटी नमद्यासारखी बसली होती. आता रोज संध्याकाळी आतून बाहेर हवा मारून जाळी साफ होते आणि एअर फिल्टरही झटकला जातो. पुस्तकात सर्व्हिसची मुदत दिलेली असते, ती शेताच्या हिशोबाने. पागेत फिल्टर त्याच्या आधी बदलावा लागतो.

तक्रारी आहेतच. ऐन पावसाळ्यात ट्रॉलीच्या हायड्रॉलिकचा पाइप गळायला लागला आणि ज्यांच्याकडून ट्रॉली बनवून घेतली त्यांनी बरेच दिवस दाद दिली नाही. तोवर ट्रॉली फावड्याने रिकामी करावी लागली. ट्रॅक्टरची नक्षीदार चाकं ओल्या मोकळ्या कुरणात गवत उपटतात, म्हणून पावसाळ्यात आम्ही मुरूम टाकलेली एकच वाट वापरतो. आणि फोर-व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर काढून ठेवायला चालवणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, नाहीतर पुढची चाकं झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

हलक्या कामाला डिझेल तासाला दीड-दोन लिटर लागतं. मी घेतल्यानंतर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आता घेणाऱ्याला तेवढं स्वस्त पडेल. दोन-तीनच घोडे असतील तर मात्र एवढा पैसा घालू नका, हातगाडी आणि भाड्याचा ट्रॅक्टर पुरतो.

कळमन्याच्या बाजारातून हरभरा आणि चोकर आणायला मी आजही भाड्याचा पिकअप बोलावतो. घोडा आजारी पडला तर ट्रॅक्टर काहीच कामाचा नाही. पोटशूळ उठलेला घोडा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचा तर उंच बाजू आणि उतरती फळी असलेली गाडी लागते, आणि ती रात्री दोन वाजताही येईल असा ड्रायव्हर आधीपासून बोलून ठेवावा लागतो. त्याचा नंबर आमच्या दाणाखोलीच्या दारावर खडूने लिहिलेला आहे.