हबर्ड की टाकू?

भाचीला प्रकल्पासाठी अलास्कातली एकच हिमनदी निवडायची आहे, आणि ती या दोघींत अडकली आहे.

गाळ कसा हलतो? हबर्ड समुद्रात उतरते, तोंडाशी दगडमातीचा ढीग ढकलत. 2002 मध्ये हा ढीग समोरच्या किनाऱ्यावरच्या गिल्बर्ट पॉइंटला टेकला, रसेल फ्योर्डचं (समुद्राच्या अरुंद, लांब फाट्याचं) तोंड बुजलं, आत पाणी चढत गेलं आणि शेवटी बांध फुटला. टाकूने पुढे सरकताना स्वतःखालचा मऊ गाळच उकरला. पुढ्यातलं रेताड मैदान सतरंजीसारखं चुरगळून वर आलं.

पुरावा? हबर्डचा उपग्रहचित्रांत दिसतो. टाकूचा बर्फाखाली, रडारशिवाय कळत नाही. मला तोच जास्त आवडतो.

नकाशे, फोटो, पूर हवा तर हबर्ड. आकडेमोडीचा कंटाळा नसेल तर टाकू. फक्त टाकू आता मागे हटतेय.