दमौलीच्या शाळेतील स्वयंसेवा आणि तिथली नदी : एक अभिप्राय

निवृत्तीनंतर नेपाळमध्ये शिकवायला जावे का, अशी विचारणा सांगलीतील अनेक शिक्षक मैत्रिणी करतात. काठमांडूतील ज्या संस्थेमार्फत मी दमौलीला गेले, तिच्या कार्यक्रमाविषयी म्हणूनच सविस्तर लिहीत आहे. दमौली हे तनहुँ जिल्ह्याचे मुख्य ठिकाण काठमांडू–पोखरा मार्गावर, मादी आणि सेती या नद्यांच्या संगमाशी वसले आहे, आणि महर्षी व्यासांची मानली जाणारी गुहाही तिथेच आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, त्यामुळे राहण्याचा खर्च जड जात नाही.

शाळेतील कामाची व्यवस्था समाधानकारक होती. लिपी देवनागरीच असल्याने फळा वाचायला अडचण येत नाही, आणि मुलांना हिंदी बऱ्यापैकी समजते. मात्र वर्गशिक्षक आधीच चांगले शिकवत असताना आपण नेमके काय करायचे, याची आखणी संस्थेने केलेली नव्हती. ती मला मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावी लागली. राहण्याची सोय एका कुटुंबात होती आणि त्या घरच्या माउलीने दोन्ही वेळा वाढलेल्या डाळ-भाताला व गुंद्रुकाला (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीला) मी पूर्ण गुण देईन.

या कार्यक्रमात ज्यासाठी पुन्हा जावेसे वाटते, ते मात्र माहितीपत्रकात कुठेच नाही. नेपाळमध्ये शाळेची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, आणि त्या दिवशी सकाळची कामे आटोपली की मुले मादीच्या काठी जमतात. मी हरिपूरची, कृष्णा-वारणेच्या संगमावर, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली. त्यामुळे मुलांनी ‘मिस, तपाईं पनि आउनुस्’ (मिस, तुम्हीही या) म्हणून हात धरला, तेव्हा नाही म्हणणे मला शक्यच नव्हते. सेतीचे पाणी चुना कालवलेल्या पाण्यासारखे पांढुरके, मादीचे त्या मानाने स्वच्छ, आणि दोन्हींचा गारवा असा की वैशाखाच्या उन्हातही पहिल्या बुडीला श्वास अडकतो. मोठी मुले ‘एक, दुई, तीन’ म्हणून खडकावरून मुटके मारत होती, आणि लहानग्यांनी उथळ कडेला गोटे रचून बांध घातला होता, ज्यात अडकलेले बोटभर मासे ती जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याने टिपत होती आणि खेळून झाल्यावर सोडून देत होती. माझ्या कानात पाणी गेले, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने उन्हात तापलेला चपटा दगड आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, फार चटका बसत नाही याची खात्री केली आणि मगच माझ्या कानाशी धरला. सांगलीच्या सरकारी घाटावरची मुलेही अगदी असेच करतात. वर्गात जी मुलगी माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती, ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलू लागली, आणि मला इतका निखळ आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

म्हणूनच संस्थेविषयीची माझी मुख्य तक्रारही नदीसंबंधीच आहे. स्वयंसेवक नदीवर जाणार हे ठाऊक असूनही तिने ना कोणती सूचना दिली, ना एखादे जीवरक्षक जाकीट. ५ मे २०१२ रोजी निरभ्र आकाश असताना पोखऱ्याच्या वरच्या अंगाला सेतीला अचानक लोंढा आला आणि साठहून अधिक माणसे दगावली. वर डोंगरात कडा कोसळला तर खाली त्याची चाहूलही लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फूट-फूट वाढताना पाहण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना या नद्यांचा अंदाज येणार नाही. आम्हाला सांभाळले ते बोटे समाजातील एका वयस्क गृहस्थांनी. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आणि नावाड्याचे काम करत आला आहे. कोणत्या डोहात उतरायचे आणि कधी बाहेर यायचे, हे त्या आजोबांनी ठरवावे आणि आम्ही सर्वांनी निमूटपणे ऐकावे, असाच रिवाज होता. खरे तर अशा माणसाला संस्थेने मानधन द्यायला हवे. भरलेल्या शुल्कापैकी शाळेला किती आणि यजमान कुटुंबाला किती गेले, याचा हिशेबही मला मागूनच मिळाला, तोही अर्धवट.

अनाथाश्रमातील स्वयंसेवेचा पर्याय मात्र कोणी देऊ केला, तरी घेऊ नये. नेपाळमधील अशा आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलांना घरापासून दूर ठेवले जाते, हे तिथे वारंवार उघडकीस आले आहे. शाळेतली मुले संध्याकाळी आपापल्या घरी जातात, आणि नदीवर येतात तीही घरी विचारूनच.

आखणी आणि हिशेब यांत कमी गुण देऊनही, हा कार्यक्रम मी शिफारसयोग्य मानते, पण केवळ ज्यांना मुलांबरोबर पाण्यात उतरायला आवडते त्यांच्यासाठी. चैत्र-वैशाखात किंवा दसऱ्या-दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर जावे. जूनच्या मध्यापासून पावसाळा सुरू होतो आणि गढूळ पाण्यात तिथली मुलेसुद्धा पाय घालत नाहीत. नोंदणीपूर्वी शुल्काची विभागणी आणि नदीवरील सुरक्षेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.