मुलाखतीआधी चार दिवस: व्हीलुकअप की पिव्होट टेबल?

बायोडेटात ‘अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल’ लिहून बसलात आणि मुलाखत चार दिवसांवर आली. आधी काय शिकावं?

पिव्होट टेबल म्हणजे नोंदींचा गटवार सारांश; त्यावर एका संध्याकाळी हात बसतो. शाखेचा कॉलम ‘रोज’ (Rows, म्हणजे ओळी) मध्ये ओढा, रक्कम ‘व्हॅल्यूज’मध्ये, की हजार नोंदींची शाखावार बेरीज समोर. मूळ आकडे बदलले की रिफ्रेश तेवढं विसरू नका.

व्हीलुकअप, म्हणजे यादीत एखादं नाव शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला, जास्त दगा देतो. फॉर्म्युल्याच्या शेवटी ‘फॉल्स’ (FALSE) लिहायचं राहिलं तर तो अंदाजे जुळणी धरतो आणि भलत्याच माणसाचा पगार बिनदिक्कत दाखवतो. शिवाय ज्यात शोधायचं तो कॉलम निवडलेल्या रेंजमध्ये सगळ्यात डावीकडे लागतो. मी तीन दिवस यालाच देईन, रोज नव्या शीटवर. मॅक्रोचं (एक्सेलमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) विचारलं तर सरळ सांगा, ‘ते मला येत नाही.’