बेचैन कुत्रा: चेंडू फेकावा की हुंगू द्यावं?
घरभर येरझाऱ्या घालणाऱ्या कुत्र्याला दमवलं की तो शांत होईल, म्हणून बरेच जण अर्धा तास चेंडू फेकत राहतात. अंग थकतं खरं, पण दर फेकीला उत्तेजना चढतच जाते. घरी येऊनही तो धापा टाकत चेंडूच मागतो.

त्यापेक्षा लांब, सैल पट्टा लावून त्याच्या चालीने फिरवा. प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप मनसोक्त हुंगू द्या. वासात डोकं गुंतलं की चाल आपोआप मंदावते. माझं मत ठामपणे हुंगण्याच्या बाजूने आहे. तरुण लॅब्राडोरला धावणंही हवंच, फक्त शेवटची दहा मिनिटं हुंगण्यासाठी राखा.

मात्र एरवी शांत असलेला कुत्रा अचानक बेचैन झाला, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. कान, पोट किंवा सांधे दुखत असू शकतात.