मोल्सवर्थ की दाते-कर्वे? घरात ठेवायला कोणता कोश घ्यावा

मराठीचा मोठा कोश घ्यायचा म्हटलं की शेवटी दोनच नावं उरतात: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही भरपूर हाताळलेत, म्हणून हे चार शब्द. वाझ्यांचा १९११ सालचा आर्यभूषण कोशही सुटसुटीत आहे, पण तो मुळात शाळेसाठी केलेला. एखाद्या शब्दावरून घरात दोन तट पडले की तो पुरा पडत नाही.

मोल्सवर्थचं पहिलं कौतुक म्हणजे सगळं एका खंडात. पहिली आवृत्ती १८३१ची, पण आज आपण वापरतो ती १८५७ची, वाढवलेली. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. जोडीला कँडी बंधू, आणि शब्द गोळा करायला, पारखायला इथले शास्त्री-पंडित. या माणसाला बाजारातला, चुलीपाशी बोलला जाणारा शब्द वर्ज्य नव्हता, हे मला फार आवडतं. असभ्य शब्दसुद्धा तो असभ्य म्हणून नोंदवतो, पण गाळत नाही. इस्तावा, तगाई, कौलनामा असले महसुली शब्द जुन्या कागदांत भेटले की माझा हात आपसूक त्याच्याकडेच जातो. झाडाझुडपांची लॅटिन नावं मिळतात हा आणखी एक फायदा.

अर्थ इंग्रजीत आहेत, हे काही मी सांगायला नको. एकट्याने वाचत बसलं तर त्याचं काही वाटतही नाही. खटका उडतो तो चारचौघांत.

आमच्याकडे आई रत्नागिरीची, बायको अमरावतीची. बायको कोथिंबिरीला सांबार म्हणते. आईच्या लेखी सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. असे शब्द दिवसाकाठी निघतातच, आणि जेवताना कुणीतरी म्हणतंच, ‘बघ रे जरा कोशात.’ मग मी मोल्सवर्थ उघडायचो. बारीक टाइपातलं, एकोणिसाव्या शतकातलं ते पल्लेदार इंग्रजी आधी मनात वाचायचं, त्यातला एखादा इंग्रजी शब्दच अडला तर मोबाइलवर त्याचा अर्थ बघायचा, आणि मग सगळ्याचं मराठी करून सांगायचं. तोवर आमटी निवलेली. बरं, एवढं करून आईचा प्रश्न ठरलेला: ‘असं लिहिलंय, की तू सांगतोयस?’

याला उत्तर नाही. कारण खरोखरच मी सांगत असतो. कोशाचा शब्द राहतो बाजूला आणि माझ्या भाषांतरावर वाद सुरू होतो. घरात माझ्या शब्दाला किती किंमत आहे ते मला ठाऊक आहे. ही एक कटकट सोडली तर मोल्सवर्थबद्दल माझी तक्रार नाही. पण ती रोजची आहे.

दाते-कर्वे उघडला की जे छापलंय तेच मोठ्याने वाचायचं. पु., स्त्री., न. अशी लिंगाची खूण शब्दाला लागूनच असते, त्यामुळे ‘तो की ती’ हे भांडण तिथल्या तिथे मिटतं, निदान त्याला पुरावा तरी मिळतो. पुढे कंसात प्रांत: (कों.) म्हणजे कोकण, (व.) वऱ्हाड, (गो.) गोमंतक, (खा.) खानदेश, (कु.) कुडाळ. माझ्या मते या कोशाचं खरं मोल या कंसांत आहे. शब्दापुढे (व.) दिसलं की बायको नुसती माझ्याकडे बघते, (कों.) आलं की आई ‘मी काय म्हणत होते’ म्हणते. दोघींचेही शब्द मराठीच ठरतात आणि ‘हा कुठला शब्द?’ असं म्हणायची सोय कुणालाच उरत नाही. त्यातून ‘ज्ञा’ किंवा ‘तुगा’ असा आधार देऊन ज्ञानेश्वरीतली ओवी नाहीतर तुकोबांची ओळ आली, तर आई ती पूर्ण म्हणून दाखवते. म्हणी, वाक्प्रचार, शब्द कानडीतून आला की फारसीतून, हेही त्याच नोंदीत सापडतं.

आता अडचणीही ऐका. सात खंड, १९३२ ते १९३८ दरम्यान निघालेले, आणि वर १९५०ची पुरवणी. कपाटाचा एक कप्पा गेलाच म्हणून समजा. नोंदीत ‘अमुक पहा’ आलं की तो अमुक हमखास दुसऱ्या खंडात असतो. मूळ खंडांत शब्द नाही म्हणून हताश व्हायचं नाही, पुरवणी चाळायची. संक्षेपांची यादी पाठ होईपर्यंत चिडचिड होते, ती वेगळी. आणि ‘मोबाइल’ तो की ते, याचा निवाडा दोन्ही कोशांत मिळणार नाही.

दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, त्यामुळे पैसे घालण्याआधी आठवडाभर तिथे वापरून बघा. फक्त एक ध्यानात ठेवा: दोघांचंही शुद्धलेखन १९६२च्या नियमांच्या आधीचं आहे. ‘काही’ शोधायचा तर ‘कांहीं’ असा विचार करावा लागतो. शब्द मिळाला नाही, तर एखादा अनुस्वार चढवून पुन्हा बघावं.

भाषांतराचं काम करणाऱ्यांनी किंवा जुने दस्तऐवज वाचणाऱ्यांनी मोल्सवर्थ जरूर घ्यावा, त्यांना तो दाते-कर्व्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. मुलं परदेशात वाढत असतील, त्यांना मराठीपेक्षा इंग्रजी लवकर कळत असेल, तरीही तोच बरा. जागेची अडचण असेल तर प्रश्नच मिटला. पण घरात दोन-तीन प्रांतांची मराठी नांदत असेल आणि कोश चारजणांत उघडला जाणार असेल, तर मी तरी दाते-कर्वेच सुचवेन. जुना संच घेताना सगळे खंड आहेत ना ते मोजा, मधलीच पानं गळालेली नाहीत ना ते बघा, आणि पुरवणी सोबत असल्याशिवाय पैसे देऊ नका.